सोसायटीच्या डब्याला ताप

शिरगाव, डिचोली

चि. सर्वेश यास देवकीमावशीचे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, पाऊस असूनही माझे गुडघे शहाण्यासारखे वागताहेत. वास्कोत पाणी उकळून पितोस ना? (हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू "मावशी, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस.)

पत्रास कारण, तू डिचोलीच्या क्रेडिट सोसायटीत बसवलेला नेटवर्कचा डबा. त्या दिवशी माझ्याकडे जेवलास आणि डब्याचे इशारे नीट पोचतात का ते बघायला त्यात माझा मोबाईल नंबर घातलास. तो काढायला विसरलास. (बांधून दिलेले उंडे पाव मात्र आठवणीने नेलेस.) तेव्हापासून डबा मला निरोप पाठवतो. आधी वाटलं लॉटरीवाले असतील, मग मी वाटच बघू लागले. अमकी तार सुटली, तमकी जुळली. शेजारची सुविधा कॉम्प्युटर शिकते, तिच्याकडून अर्थ विचारून घेतले. या पद्धतीला एसएनएमपी म्हणतात आणि त्यातला 'एस' सिम्पलचा, हे ऐकल्यापासून नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटावंसं वाटतं. डब्याने आपणहून धाडलेल्या निरोपाला म्हणे ट्रॅप म्हणतात. आमच्याकडे त्यात उंदीर सापडतो.

सोमवारी निरोप आला, पंखा बंद. मी सोसायटीत फोन लावला. मॅनेजर गोकुळदासबाबांनी मान वर करून पाहिलं असावं. "बाय, आमचे सगळे फॅन फिरतात मगे," म्हणाले. मग दुसरा निरोप, तापमान एकाहत्तर. इस्पितळात नर्स म्हणून जन्म काढला, पण एवढ्या तापाचा पेशंट पाहिला नव्हता. छत्री घेतली आणि बस पकडली.

सोसायटीत चवथीच्या बाजारासाठी पैसे काढणाऱ्यांची ही गर्दी, आणि कॉम्प्युटर मध्येच अडकत होते. गोकुळदासबाब तुझ्या कंपनीला तक्रार लिहीत बसलेले, माल खराब, माणूस बदला. मी म्हटलं, "आधी डबा दाखवा, मग काय ते लिहा." कुरकुरत त्यांनी मागची खोली उघडली. डब्यावर, त्याच्या बाजूच्या पंख्यासकट, त्यांचाच रेनकोट पसरलेला. या पावसात दुसरीकडे काही वाळत नाही आणि इथे छान ऊब येते, असं त्यांचं म्हणणं. तापलेल्या पेशंटवरची गोधडी काढावी तसा मी रेनकोट ओढला, वाऱ्यासाठी जनेल उघडलं, समोर टेबलफॅन लावला आणि मोबाईल हातात घेऊन स्टुलावर बसले. रांगेतली माणसंही दारात जमली. शेवटी फोन वाजला, पंखा चालू, तापमान ठीक. एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "पेशंट कोणाचा?"

गोकुळदासबाबांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. फाडला नाही, हे मी पाहिलं. रेनकोट पुन्हा डब्यावर जाऊ नये म्हणून मी तो घरी घेऊन आले.

तर बाळा, एवढं काम झालं, आता माझा नंबर तिथून काढ. या वयात नवी ड्यूटी झेपत नाही.

तुझी,
देवकीमावशी

ता. क. पाकीट चिकटवताना निरोप आला, पंखा बंद. रेनकोट तर माझ्या खुंटीवर आहे, म्हणजे पंखा खरोखरच गेलाय, आणि तो कागद अजून त्यांच्या खिशात आहे. हे पत्र वास्कोच्या बसच्या कंडक्टरकडे देते. नवा पंखा घेऊन उद्याच ये. तू येतोयस असं मी त्यांना सांगून टाकलंय.

आणखी एक. नंबर काढायचं राहू दे. त्या खोलीची किल्ली आता माझ्याकडे असते.