काकांचा हात कुठे थांबतो

तीर्थरूप आत्यास तिच्या सर्वांत शिकलेल्या आणि सध्या सर्वांत संतापलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, ताईची तब्येत आणि बाळाचं रडणं हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय असं ताईचं म्हणणं. फोटोत मला तरी तसं काही दिसलं नाही, पण नव्या जिवाबद्दल एवढ्यात वाईट बोलू नये. इकडे मी मात्र खुशाल नाही. लेकीच्या बाळंतपणाला निघताना तू मला तुमच्या घरी राहायला बोलावलंस आणि ‘यांच्याकडे जरा लक्ष दे’ म्हणालीस. मी लक्ष दिलं, आत्या. इतकं दिलं की सगळा सत्यानाश झाला. फोनवरच सांगितलं असतं, पण काका शेजारच्या खोलीत असतात आणि त्यांचे कान तुला माहीत आहेत. ताईचे दीर उद्या तिकडे यायला निघालेत, म्हणून त्यांच्या हाती हे पत्र देतोय.

सगळा दोष त्या अभ्यासक्रमाचा आहे. काका महिनाअखेर निवृत्त होणार आणि कारखान्यातलं रंग जुळवण्याचं खातं माझ्याकडे येणार, म्हणून साहेबांनी मला संध्याकाळच्या वर्गाला घातलं. विषय ‘ज्ञान व्यवस्थापन आणि नेतृत्व’. आईने हे नाव शेजारीपाजारी इतक्यांदा सांगितलं की आता शेजारच्या काकू मला गॅसची शेगडी पेटली नाही तरी बोलावतात. शिकवणाऱ्या सरांनी जन्मात कुठल्या कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही, आणि हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. बाहेर राहिलं की म्हणे दृष्टी स्वच्छ राहते. (आमच्या रंगखात्यात तासभर उभे राहिले तर दृष्टी, नाक आणि सदरा, तिन्ही कायमचे बदलतील.)

आधी नेतृत्व शिकवलं. नेता हुकूम सोडत नाही, नेता प्रश्न विचारतो, असं सरांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मी भाबडा. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याने डबे कुठे उतरवू विचारलं, तर म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? त्याला जे वाटलं ते त्याने केलं. त्यामुळे साहेब जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपल्या खोलीतून बाहेर पडू शकले नाहीत, कारण दार बाहेर उघडतं आणि दाराशी पांढऱ्या रंगाचे डबे छातीएवढे रचलेले. खात्यात मी ज्याला त्याला ‘तुझं मत काय’ विचारत सुटलो, तर याला स्वतःला काहीच येत नाही अशी बातमी पसरली. ती खरी असली तरी पसरायला नको होती.

पण हे सगळं परवडलं. खरा घात ज्ञानाने केला. सर म्हणाले, जुना माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं आणि संस्थेच्या हाती काही उरत नाही. तेव्हा तो जायच्या आत ते काढून घ्यावं. (जसा काही तळघरात पंप लावून पाणी उपसायचं.) प्रत्येकाने एक निवृत्त होणारा माणूस गाठावा, त्याला प्रश्न विचारावेत आणि प्रकल्प लिहावा. वर्गातले बाकीचे लोक असा माणूस शोधत गावभर हिंडले. माझ्या तर काखेतच कळसा, सकाळी समोर बसून चहा पिणारा.

काकांचं काम तू रोज ऐकतेस, पण एकदा परत सांगतो, म्हणजे गुन्हा किती मोठा ते कळेल. गिऱ्हाइकाने दिलेला नमुना यंत्र मोजतं आणि कुठला रंग किती घालायचा ते सांगतं. तसा रंग केला की तो जवळपास येतो, तोच होत नाही. तिथून पुढे काका. ते लाकडी पट्टीने बादली ढवळतात, चिमूटभर काळा नाहीतर पिवळा घालतात, पुन्हा ढवळतात आणि एका क्षणी त्यांचा हात थांबतो. तो थांबला की रंग झाला. का थांबला, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं.

काका म्हणाले, समजतं. मी ते वर्गात सांगितलं, तर सर म्हणाले हे उत्तर नव्हे, हे बंद दार आहे, ठोठावत राहा. मी ठोठावलं. चहाच्या वेळी ठोठावलं, रस्त्याने जाताना ठोठावलं, ते आंघोळ करत असताना तर खरोखरच दार ठोठावलं. हात थांबतो तेव्हा आधी डोळ्याला कळतं की मनगटाला? थांबायच्या आधी मनात काय येतं? बिचाऱ्यांनी जन्मभर आपल्या मनगटाची कधी चौकशी केली नव्हती. ती त्यांनी सुरू केली. एक दिवस मी खात्यात शिरलो तर काका पट्टी वर धरून स्वतःच्या हाताकडे बघत होते, न कळवता मुक्कामाला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे. त्या दिवसापासून हात नीट थांबलेला नाही. एक तर आधीच थांबतो, नाहीतर पुढे जातो.

आणि नेमकं याच वेळी इस्पितळाचं काम आलं. त्यांचा अर्धा वरांडा गेल्या वर्षी आपल्या फिक्या हिरव्याने रंगवला होता, उरलेला अर्धा आता रंगवायचा. रंग तोच हवा, कारण दोन्ही अर्धे एकाच भिंतीवर भेटतात. काकांनी पहिला रंग केला तो पोपटी आला. दुसरा असा आला की तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या भिंतीलाच आधी दाखल करून घ्या. दोन्ही वेळचा माल परत आला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, सोमवारी शेवटची संधी. जुळलं नाही तर काम समोरच्या कारखान्याला जाईल, काकांनी त्याच दिवसापासून घरी बसावं, आणि मी डब्यांवर लेबलं चिकटवायला परत जावं. हे सगळं त्यांनी हुकूम सोडून सांगितलं. एकही प्रश्न विचारला नाही.

मी तणतणत सरांकडे गेलो. ते खूश झाले. म्हणाले, ज्ञान बाहेर पडताना असा त्रास होतोच, हे शुभलक्षण आहे. आत्या, मी मोठ्या माणसांना उलट बोलत नाही. म्हणून तिथून निघालो आणि जिना उतरताना बोललो.

माझ्या लेबलांचं मी बघेन. पण काल काका जेवता जेवता मला म्हणाले, “मला वाटतं, मला हे कधी येतच नव्हतं रे. इतकी वर्षं नुसता अंदाज लागत गेला.” एवढं बोलून ताट तसंच ठेवून उठले. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. मी शाळेतून पळून आलो होतो तेव्हा या माणसाने मला हाताला धरून त्या खात्यात नेलं आणि तिथे उभा केला. आज मी त्याच माणसाच्या हातातलं काढून घेतलं, तेही विद्या म्हणून. मला स्वतःची लाज वाटते आणि सरांचा संताप येतो. संताप जास्त येतो, कारण तो सोपा आहे.

ताईला आशीर्वाद, बाळाला पापा, तिच्या सासरच्या मोठ्यांना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (आणि सोमवारपर्यंत तरी रंगखात्यातला) भाचा

ता. क. प्रकल्पाला वर्गात पहिला नंबर मिळाला. असलं प्रमाणपत्र मी तोंडावर फेकणार होतो, पण आईने भिंतीत आधीच खिळा ठोकला आहे. तेव्हा सरांबद्दल वर लिहिलेलं तुझ्यापुरतंच ठेव.

ता. क. दुसरा. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. प्रकल्पासाठी मी, तू जायच्या आधीपासूनच, काकांचं काम चालू असताना बरंच बोलणं मोबाइलवर टिपून ठेवलं होतं. ते काल पुन्हा ऐकलं. तू इथे होतीस त्या दिवसांत ढवळताना ते रंगाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. सगळं तुझ्याबद्दल. सकाळी निघताना तू काय बोललीस, त्यावर आपण काय बोलायला हवं होतं, आणि ही बाई स्वतःला समजते कोण. (सरांनी हा भाग असंबद्ध म्हणून गाळायला लावला होता.) त्या भरात हात आपोआप थांबायचा. तू गेल्यापासून त्यांना डोक्यात धरायला कोणी उरलेलं नाही, म्हणून ते मनगट धरून बसलेत. तर सोमवारी सकाळी ते घराबाहेर पडायच्या बेताला फोन कर आणि कडाक्याचं भांडण काढ. विषय तू निवड, तुझा अनुभव मोठा. मात्र त्यांचं उत्तर पुरं व्हायच्या आत फोन ठेव.

ता. क. तिसरा. मी सांगितलं म्हणून भांडतेस हे त्यांना मेलीस तरी कळू देऊ नकोस. नाहीतर आपण भांडतो कसे, याचा ते विचार करायला लागतील.