तुझ्या बाजूचं बोलणं

माय, माझी नात अडीच वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की घरात तिच्याशी सगळ्यांनी एकच भाषा बोला. सूनबाई पुण्याची, मनाने चांगली. चहाचा कप माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "आई, तुमचं ते मिक्स बोलणं थोडे दिवस बंद ठेवाल का?" तोंडात 'हव' आलं होतं, ते गिळून मी 'हो' म्हटलं. पोर आता घर डोक्यावर घेते, तेही शाळेत शिकलेल्या हिंदीत. पण बंद ठेवलेलं पुन्हा सुरू करा असं मला कोणी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तुझा तर सगळा जन्म त्या मिक्स बोलण्यात गेला. रेल्वेच्या दवाखान्यात तू आया. पेशंट छत्तीसगढी बोलणारे, डॉक्टर हिंदी, आणि घरी आम्ही मराठी. गुढियारीच्या त्या खोलीत संध्याकाळी शिरलीस की "ए नोनी, पाणी दे वो, थक गई मी तं" इथून तुझं सुरू व्हायचं. एकदा नागपूरची मावशी आली आहे, पोळ्या लाटता लाटता तुला बोलते आहे, "तुहं ना धड मराठी, ना धड हिंदी. पोट्टे उद्या कोठचे राहतीन?" तू तव्यावरची पोळी उलटतेस. "घरचेच राहतीन ना. पोट्टे भूक लगी म्हणते, मी जेवाले देऊन राहिली. कोन उपाशी आहे थे सांग." मावशी पुढची पोळी लाटायला घेते.

दादा होता तोवर माझं बरं चाललं होतं. रविवारी भिलाईहून त्याचा फोन यायचा, "काय करून राहिली वो? अब तक जेवली नाही?" मग अर्धा तास मी मोकळी. गेल्या उन्हाळ्यात तोही गेला. आमच्या समता कॉलनीत मराठी माणसं पुष्कळ आहेत, नव्याने आलेली, ऑफिसांतली. त्यांच्याशी बोलताना मी एकेक शब्द तांदळासारखा निवडून घेते, आणि निवडून होईपर्यंत गप्पा पुढे गेलेल्या असतात. परवा नातीने माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "आजी, आपको बोलना नहीं आता क्या?" सगळे हसले, मीही हसले. मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले.

दुपारी घरात कोणी नसलं की भाजी चिरताना मी तुझ्याशी बोलते. दोन्ही बाजू मीच. वेड लागलं म्हण हवं तर. पण हल्ली तुझी बाजू बिघडत चालली आहे. काल विचारलं, "माय, मी काहून अशी गप बसून राहिली?" आणि तू म्हणालीस, "अगं, असं मनाला लावून घेऊ नकोस." तू जन्मात असं बोलली नसतीस, ते सूनबाईचं वाक्य. तू काय म्हणाली असतीस ते आठवता आठवता भाजी करपली, पण ते काही आलं नाही. हे पत्रसुद्धा तुझ्या बोलीतच लिहायला बसले होते. दुसऱ्या ओळीलाच अडकले.