ऐकलं का पटलं

आप्पा, मस्तगडच्या घरी संध्या आटोपून मी संगणकापुढे बसतो आणि देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना कायदा शिकवतो. कुणाच्या देशात कायदा संहितेत बांधलेला आहे, कुणाच्या देशात तो निकालांतून वाढला आहे. एकाच प्रश्नाची चार उत्तरे सांगावी लागतात. पोथी वाचताना न थकणारा आवाज अलीकडे तास संपण्याआधीच बसतो.

आज राहून राहून भोकरदनची कचेरी आठवते. मी वकिलीच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत आलेला. तुम्ही बाहेरच्या बाकावर लोकांचे अर्ज लिहून देत आहात. हसनाबादचे एक पाटील वाटणीचा मजकूर ऐकत आहेत आणि प्रत्येक वाक्याला म्हणत आहेत, ‘बराबर.’ मी अंगठ्यासाठी शाई पुढे करतो, तर तुम्ही माझा हात धरता.

‘वकीलसाहेब, लई जल्दी हाये का? मंग अंगठा तुमचाच घ्या.’ आणि पाटलांकडे वळून, ‘पाटील, बराबर म्हंजी काय? ऐकलं का पटलं?’

ते ओशाळून हसले. ‘ऐकलं, मालक. पटलं न्हाई. विहीर माझ्या वाट्याची, तुम्ही भावाकडं लिहिली.’

तुम्ही कागद फाडलात आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलेत. श्रवण आणि मनन यांतला भेद पुढे मी गुरुजनांपाशी बसून शिकलो. पण तो मला प्रथम दिसला त्या बाकावर.

आप्पा, ते ‘बराबर’ माझ्या जिभेवरून गेलेच नाही. वर्गात त्याचे ‘राइट, राइट’ झाले. ब्राझीलच्या एका विद्यार्थिनीने विचारले, मोबदल्यावाचून दिलेले वचन आमच्याकडे बंधनकारक असते, तसेच भारतातही ना? मी पुढचा मुद्दा शोधत होतो. म्हणालो, ‘राइट, राइट.’ भारतात ते सहसा बंधनकारक नसते. परीक्षेत भारतीय कायद्याच्या प्रश्नाला तिने तेच लिहिले आणि मी तिला नापास केले. त्या गुणांपायी तिचे वर्ष जात आहे. तिने परीक्षा समितीकडे तक्रार केली, की सरांनीच होकार दिला होता. समितीने मला विचारले. मी कळवले, ‘स्मरत नाही.’

साक्षीचे मोल सांगण्यात माझे आयुष्य गेले, आप्पा. मला स्मरते. तिचा प्रश्न स्मरतो, आणि तो मी केवळ ऐकला होता हेही.

तुम्ही आता नाही; हे पत्र कुठे धाडायचे नाही, म्हणून एका बैठकीत लिहून झाले. समितीला लिहायच्या पत्रावर सकाळपासून नुसती तारीख आहे.