दावा यंत्रावर की दाजींवर

कोल्हापूर, ४ मार्च १९८७

चि. हंबीररावास आक्काचे अ. उ. आ.

इकडं सगळं खुशाल हाय असं लिहिणार होते, पण तू वकील, उलटतपासणी घेशील. तुझ्या दाजींना व्यसन लागलंय. दारू-तंबाखूचं न्हाय. एस.टी. स्टँडमागं आकारामनं व्हिडिओ गेमचं दुकान काढलंय, तिथल्या यंत्रावर विमानं पाडायचं! पन्नाशीचा हेडमास्तर, गल्लीच्या व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष, स्वतःच्याच शाळेतल्या पोरांमागं नंबर लावून उभा ऱ्हातो की.

परवा हे सासूबाईंना डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेलते. मोतीबिंदू काढलेला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. बाकावर बसवून 'आलोच' म्हणाले आणि गेले. म्हातारी दहापासून तीनपर्यंत तिथंच. शेवटी कोडोलीच्या एका बाईनं रिक्षात घालून घरी आणली. ह्यांना विचारलं, तर म्हणाले आठव्या पातळीला पोचलो होतो, सोडता येईना.

सोडताच येऊ नये असं यंत्र बनवणाऱ्यावर दावा लागतो का? लागत नसंल तर वकिली कशाला शिकलास?

माया हाय तशीच ठेव, उत्तर लवकर धाड.

तुझी झुंबरआक्का

पुणे, ९ मार्च

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग म्हातारीचं आठवून पत्र पुन्हा वाचलं. माझ्या लग्नात सुपारी खाल्ली म्हणून दाजींनी मला मांडवातच अर्धा तास झापलं होतं, ते मी विसरलेलो नाही.

बाटलीत काच निघाली, यंत्राचा शॉक बसला, तर कारखानदाराला धरता येतं. हे यंत्र बिघडलेलं नाही, उत्तम चालतंय, हीच आपली अडचण. कंपनी विचारणार, मास्तरांचा हात आम्ही धरला होता काय? एवढं मात्र बघून ये, की हा खेळ जिंकून कधी संपतो का. संपत नसेल तर तो मुद्दाम तसा बनवलाय. कंपनीचं नावही टिपून घे. नोटिशीची फी नको, भाऊबीज समज.

रागावलीस तरी विसरू नकोस.

हंबीर

कोल्हापूर, १७ मार्च

चि. हंबीररावास अ. उ. आ.

काल दुकानात गेलते. सासूबाईंची पट्टी सुटलीया, त्याही आल्या. खेळ संपतो का विचारलं, तर आकाराम हसला. संपला तर गिऱ्हाईक घरी जाईल की, म्हणाला. कंपनी मुंबईची हाय, पत्ता मागं लिहिलाय.

हे तिथंच होते. सासूबाईंनी खांद्यावर हात ठेवला. ह्यांनी मान न वळवता सांगितलं, 'पावणं, जरा सरका की.' सासूबाई 'बरं' म्हणाल्या आणि खरंच सरकल्या. बाजूला उभ्या ऱ्हायल्या, पोटच्या पोराचा खेळ संपायची वाट बघत.

मग ह्यांनी वळून बघितलं. तोंड पांढरं पडलं. मी भांडायच्या तयारीनं गेलते, सासूबाईंचा हात धरून घरी आले.

आठवण ठेव बाबा.

आक्का

कोल्हापूर, २६ मार्च

श्री. हंबीरराव यांस कृष्णातचा स. न. वि. वि.

मी त्या वेळी शुद्धीवर नव्हतो, हे कोर्टात शपथेवर सांगेन. 'आई शेजारी असून ओळखली नाही' हे वाक्य माझ्या नावानिशी नोटिशीत घालावे. मंडळाचा राजीनामा दिला होता. अध्यक्ष आता अनुभवी झाले, असे म्हणून मंडळाने तो नामंजूर केला.

दोष माझा आहेच. तो सगळा माझाच आहे काय, हे न्यायाधीशांना विचारायचे आहे. नऊ दिवस तिकडे फिरकलो नाही. जेवताना बोटे मात्र ताटाच्या कडेवर बटणे दाबत राहतात. आई बघते.

आपला स्नेह मला अजून उरला असल्यास कळवावे.

कृष्णात

पुणे, २० एप्रिल

ती. आक्कास सा. न. वि. वि.

नोटिशीला कंपनीचं उत्तर आलं. माणूस असाच गुंतून राहावा म्हणून त्यांचे कारागीर दोन वर्षं झटले, असं त्यांनी अभिमानानं कळवलंय. दाजींचं ते वाक्य हुद्द्यासकट जाहिरातीत छापायला परवानगी हवी आहे. सोबत नव्या यंत्राचं रंगीत पत्रक!

मी तीनदा वाचलं. जे सिद्ध करायला मला वर्षं लागली असती, ते त्यांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय. निकालाची खात्री देत नाही, पण दावा पुढच्या सोमवारी लागतोय. दाजी फक्त साक्षीदार. वादी म्हणून मी तुझ्या सासूबाईंचं, श्रीमती धोंडुबाईंचं नाव घालतोय. त्यांनी यंत्राला बोटही लावलं नव्हतं, आणि मुलगा त्यांचा गेला होता.

वकीलपत्र जोडलंय, त्यावर त्यांचा अंगठा घेऊन पाठव. सगळ्यांनी जीव लावलाय तो लावत राहा.

तुझा हंबीर