पहिली दोरी

अन्स्ट्रदर, ३ फेब्रुवारी १९५६

ती. मर्डोदादास,
सा. न. आपला धाकटा वॉटी आता थोड्या दिवसांचाच सोबती, असं डॉक्टर म्हणाले. जीभ मात्र तशीच. परवा म्हणतो, माशाचं सूप खारट झालंय, इशबेल त्यात रडली असणार.

शवपेटी खाली सोडायच्या आठ दोऱ्या कुणाकुणाला द्यायच्या, हे इबेनीझरकाकांनी त्याच्या उशाशी बसूनच ठरवायला घेतलंय. उशाकडची पहिली, मानाची, म्हणे ‘जर्मेन’ भावाची. तसा कुणी नाही, म्हणून ती काका स्वतः धरणार. जन्मभर वकिलाकडे कारकुनी केली, ते शब्द काही सुटत नाहीत. वॉटी अर्थ विचारतोय. तू शब्दकोशाच्या छापखान्यात खिळे जुळवतोस, तूच सांग. आणि लवकर ये.
तुझी इशबेल

एडिंबरो, ७ फेब्रुवारी

चि. इशबेलीस,
अ. आ. मूळ शब्द लॅटिन. एकाच आईबापाचा, सख्खा. कायद्यात तोच अर्थ टिकला. एरवीच्या इंग्रजीत सख्ख्याचा झाला जवळचा, आणि पुढे मुद्द्याला धरून असलेला, संबंधित. आपली आई एक, पण माझा बाप वेगळा. म्हणजे काकांच्या लेखी वॉटीच्या मरणाशी माझा संबंधच नाही! त्याला खांद्यावर बसवून बंदरावर कोण न्यायचं, काका?

हे त्याला वाचून दाखवू नकोस. फार भेटावंसं वाटतं गं, पण शेजाऱ्यासारखा मागे उभा राहायला मी येणार नाही.
तुझा मर्डो

अन्स्ट्रदर, १५ फेब्रुवारी

ती. मर्डोदादास,
सा. न. तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वॉटी गेला. पत्र त्याने हट्टाने वाचून घेतलं होतं. काकांना म्हणाला, पहिली दोरी मर्डोची. तुमचा तो शब्द वकिलाला परत करा. मी तारेत नुसतं ‘वॉटी गेला, सोमवारी ये’ एवढंच घातलं. दोरीचं लिहायला सुचलंच नाही रे.

सोमवारी तुझ्या गाडीची वाट पाहिली, मग पुढच्या गाडीचीही. सातजण दोऱ्या धरून उभे राहिले, पहिली तशीच पेटीवर. आपल्याकडे बायका थडग्याशी जात नाहीत. मी गेले आणि तुझी दोरी धरली. पेटी टेकली तरी मला ती सोडवेना, शेवटी काकांनीच माझी बोटं उलगडली.

दगड अजून बसवायचा आहे. त्याला तरी ये. लोभ आहे, म्हणूनच सगळं कळवलं.
तुझी इशबेल