विहीरवाली मरत नाही

३ मार्च, सोमवार
इतिहासात नोंद राहावी म्हणून लिहितो. काल संध्याकाळी ‘सात विहिरींचं राज्य’चा सहावा एपिसोड सुरू असताना आमच्या घरात टीव्हीसमोर कपडे वाळत घालायचा स्टँड उभा होता. हलवू का, विचारलं. ही म्हणाली, ओले आहेत, फरशीवर थेंब पडतील. परिणामी एका साम्राज्याचा ऱ्हास मी दोन टॉवेलांच्या फटीतून पाहिला.
फटीतून दिसलं की विहिरींच्या किल्ल्या सांभाळणारी म्हातारी, आपली विहीरवाली, मेली. तडक ग्रुपवर लिहिलं: मूळ कादंबरीत विहीरवाली मरत नाही. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल. एकशे अकरा बदाम आले.
ग्रुपचं नाव ‘सात विहिरी: मूळ वाचक’. तिथे कोणाचं खरं नाव किंवा नंबर दिसत नाही; मला गुरुजी म्हणतात. घरी आणि कामावर कोणी काहीच म्हणत नाही.
पाच खंडांपैकी पहिला मी वाचलाय. म्हणजे बराचसा. बाकीच्यांचा आशय मलपृष्ठावर असतोच.

४ मार्च
ग्रुपवर एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांनी नम्रपणे लिहिलं, विहीरवाली तिसऱ्या खंडात मरते. यजमान अंथरुणाला खिळले होते तेव्हा पाचही खंड त्यांना मोठ्यानं वाचून दाखवले होते, म्हणून आठवतंय.
मुद्दा भावनिक. मी उत्तर दिलं: बाई, वाचणं वेगळं आणि पानं उलटणं वेगळं.
टाळ्याच टाळ्या. कोणीतरी त्यांना चॅनेलची हेर म्हटलं. दुपारी ॲडमिननं त्यांना काढून टाकलं. त्या काहीतरी टाइप करत होत्या, तेवढ्यात.
जरा चुटपुट लागली. ॲसिडिटी असावी.

५ मार्च
संकट. ग्रुपवर ‘पान नंबर’ नावाचा एक प्राणी आहे. कोणी काहीही म्हटलं की विचारतो, कुठल्या पानावर? आज मला विचारलं. चॅनेलला निषेधाचं पत्र जायचंय. सर्वांत वर गुरुजींची सही, खाली पुरावा: खंड, पान, ओळ. मुदत रविवार.
लिहिलं, पुस्तकं बाइंडिंगला दिलीत. पाचही? पाचही.
बाईंना एका वाक्यासाठी हाकललं. मला काय करतील? फोन थरथरला की आता मीही थरथरतो.

६ मार्च
लायब्ररीतून दुसरा ते पाचवा आणला. तीन हजार दोनशे पानं, तीन दिवस. रोज एक हजार सदुसष्ट. घाबरण्यासारखं काही नाही.
संध्याकाळी: सव्वीस झाली. त्यात नकाशे नऊ, वंशावळी सहा.
ही म्हणाली, परीक्षा आहे का तुमची? म्हटलं, संशोधन.

७ मार्च
मी कवळ्या बनवतो. डॉक्टर साचे पाठवतात, मी मेणात दात बसवतो. काल भीतीच्या भरात वरचे दोन्ही सुळे मधोमध बसवले. डॉक्टर स्वतः कवळी परत घेऊन आले. म्हणाले, हे आजोबा हसले तर नातवंडं घर सोडतील.
मग भिंतीवरचं सिरियलचं पोस्टर पाहून एकदम खुलले. आमच्या ग्रुपचे ॲडमिन तेच निघाले. म्हणाले, रविवारी माझ्या वेटिंग रूममध्ये सगळे जमतोय, आमचे गुरुजी येणारेत. तुम्हीही या, चार शहाणपणाच्या गोष्टी कानांवर पडतील.
वाटीभर प्लास्टर माझ्या पायावर पडलं.

८ मार्च
निर्णय: सगळं वाचायची गरज नाही. विहीरवाली कुठे मरत नाही तेवढंच शोधायचं.
तिसरा खंड, पान ४१२. मेली. पाचव्या विहिरीत, किल्ल्यांच्या जुडग्यासकट. संशयाला जागा नाही, पुढच्या पानावर अंत्यसंस्कार आहेत.
पान फाडायचा विचार केला. लायब्ररीचा शिक्का नेमका त्याच पानावर.
हिला सांगितलं. ही म्हणाली, मग मेली म्हणून सांगा की. म्हटलं, अगं, एवढं सोपं नसतं ते. म्हणाली, बाईंना हाकलणं सोपं होतं वाटतं.
 

९ मार्च, रविवार, दुपारी १२
योजना एक: ताप. थर्मामीटर सहकार्य करत नाही. योजना दोन: दुरुस्त कवळी द्यायला आलोय असं दाखवून पेशंटच्या बाकावर बसायचं आणि गुरुजी आले नाहीत म्हणून सगळ्यांबरोबर हळहळायचं. तिसरा खंड पिशवीत घेतो. घरात ठेवायची भीती वाटते.

संध्याकाळी ७
अकरा जण. गुरुजींसाठी वेगळी खुर्ची, तिच्यावर उशी. गुरुजी उंच असतील, दाढी असेल, नक्की प्राध्यापक असणार, अशी चर्चा. मी मान हलवत होतो.
पान नंबर म्हणजे एक किडकिडीत मीटर-रीडर निघाला. म्हणाला, तिसरा खंड मी वाचलेलाच नाही, लायब्ररीतला कोणीतरी पळवलाय. डॉक्टर म्हणाले, मी तर नुसती सिरियल बघतो. हळूहळू कळलं, खोलीतल्या कोणीच तो वाचलेला नाही. म्हणजे मी सुटलो होतो.
पत्र फिरू लागलं. सह्या होत होत्या. कोणीतरी म्हणालं, त्या बाईंकडे पाचही खंड आहेत म्हणे, बसल्या असतील आता भिंतीला वाचून दाखवत. सगळे हसले.
मी का उठलो, ठाऊक नाही. पिशवीतून खंड काढला, मीटर-रीडरच्या मांडीवर ठेवला, चारशे बारा म्हटलं. गुरुजी मीच, हेही म्हटलं. सैल कवळीतून यावा तसा आवाज आला.
वाटलं होतं, मारतील. मीटर-रीडरनं पान वाचलं आणि विचारलं, आवृत्ती कोणती? डॉक्टरांनी मी आणलेली कवळी उजेडात धरून पुन्हा तपासली. उशीवर दुसरं कोणीतरी बसलं.

१० मार्च
डॉक्टर बाईंना परत घेणार होते. बाईंनी नको म्हटलं.
त्यांचा फोन नंबर डॉक्टरांकडून मागून घेतला. तीनदा लावला, दोनदा वाजायच्या आत कापला. साडेचारला बोललो. म्हटलं, तुमचं बरोबर होतं. मी वाचलं नव्हतं, आणि तरी तुम्हाला तसं बोललो. माफ करा.
 त्यांनी विचारलं, नेमकं कुठवर वाचलंयत?
खरं सांगितलं. पहिला खंड, पान अठ्ठेचाळीस.
त्या म्हणाल्या, मग तुमची विहीरवाली अजून आलेलीच नाही.
नाही, म्हटलं.