तिसऱ्या सिलिंडरचा खोकला

३ मार्च, सोमवार

मिळाला! होकार मिळाला! सत्तावीस वर्षांनी बाबा म्हणाले — "काढ तो इनटेक. घाल काय घालायचंय ते."

ऐकण्यात चूक नको म्हणून मी परत विचारलं. "बहिरी झालीस का?" म्हणाले. डोळे त्यांचे गेलेत, पण बहिरी मी!

म्हणजे आता म्हातारीला (बाबांची गाडी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी) एकाच्या जागी दोन कार्बोरेटर. आणि कार्बोरेटरमधली हवा-पेट्रोल चारही सिलिंडरांना वाटणाऱ्या त्या बिडाच्या जुन्या इनटेकऐवजी ॲल्युमिनियमचा नवा. तीन महिने कपाटात साड्यांखाली ठेवलाय. नवरा म्हणतो, "दागिने तरी एवढे जपलेस का कधी?"

पैज लावून बसले. पाण्याच्या टाकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढवीन. नाही चढली तर जुनं सगळं परत बसवीन आणि म्हातारीला पुन्हा हात लावणार नाही. बाबांनी काही मागितलं नव्हतं, मीच बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

४ मार्च

झोपताना तेच डोक्यात होतं, उठल्यावरही तेच. लिहून टाकते.

लग्नाआधीच्या उन्हाळ्यात म्हातारीच्या इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवून आठही वॉल्व्ह मी एकटीने घासून बसवले होते. माझं पहिलं सबंध काम. गाडी तेव्हा मस्त पळाली होती! लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तर चढावर खोकायला लागलेली. बाबा म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह. तुझ्याच हातचा."

एवढंच. पण ते मनात घर करून बसलं. बस डेपोत एकवीस वर्षं इंजिनं उघडतेय, हाताखाली अकरा माणसं आहेत, तरी एखादा वॉल्व्ह बसवताना ते वाक्य ऐकू येतंच.

मग दर खेपेला माहेरी गेले की पिशवी ठेवायची, बॉनेट उघडायचं. टॅपेट लावा, प्लग घासा. खोकला आपला तिथेच. दोन दिवसांसाठी गेलेली मी चार-चार दिवस त्या शेडमध्ये. नवऱ्याचे फोन — "येतेयस, की तिकडच्याच रेशनकार्डात नाव घालू तुझं?" हेड उतरवून बघते म्हटलं, तर आधी इनटेक काढावा लागतो. आणि इनटेकचं नाव काढलं की बाबा — "त्याला हात लावायचा नाही. तो मी बसवलाय."

का पण? "नाही म्हणजे नाही."

जानेवारीत माझी बदली इथल्या डेपोत झाली. घरही मिळालं, बाबांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आणि आता हा होकार. म्हातारपणी माणूस मवाळ होतो म्हणतात, तसंच असेल.

८ मार्च, शनिवार

हात न धुताच लिहितेय.

सकाळी इनटेक उतरवला. सात नट निमूट निघाले, आठवा अडून बसला. तेल सोडलं, तासभर थांबले, चार शिव्या दिल्या, निघाला. इनटेक हातात आला आणि त्याच्या नि हेडच्या मधलं पॅकिंग हेडलाच चिकटून राहिलेलं. पातीने हळूहळू सोडवलं. चार भोकं असतात त्याला, एकेका सिलिंडरसाठी एक. तिसरं भोक सरकलेलं! अर्ध्या तोंडावर पुठ्ठा! सत्तावीस वर्षं तिसरा सिलिंडर अर्ध्या नाकाने श्वास घेत होता!

पण मी तर विकतचं पॅकिंग घातलं होतं. हे हाताने कापलेलं. उलटून बघितलं. तेलाने काळं झालेलं, तरी सोनेरी अक्षरं दिसत होती — 'आमची ज्येष्ठ कन्या'. पुढे माझं नाव असायला हवं, तिथे भोक.

माझ्या लग्नाची पत्रिका! म्हणजे मी सासरी गेल्यावर यांनी इनटेक उघडला, पॅकिंग मिळालं नाही म्हणून उरलेल्या पत्रिकेतून कापलं, वाकडं कापलं, आणि दोष कोणाला? माझ्या वॉल्व्हला!

बाबा शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले. "काही सापडलं का गं?"

"काही नाही," म्हटलं आणि ते पॅकिंग खिशात घातलं. आता या वहीत आहे. पानाला तेल लागलंय, लागू दे.

९ मार्च

माझा वॉल्व्ह बरोबर होता. बरोबर होता! रडले, मग पोटभर जेवले.

१२ मार्च

डेपोतून आल्यावर रोज दोन तास. हेडची चारही तोंडं आणि नव्या इनटेकची चारही तोंडं जुळवली. निळा रंग लावायचा, टेकवायचं, जिथे कड पुढे येते तिथे कानस. बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळत नाही आता. असं काम डेपोत कोणी करून दाखवावं!

पॅकिंग मीच कापलं. कागद हेडवर धरायचा आणि कडेकडेने छोट्या हातोडीने टकटक करत जायचं, धारेवर कागद आपोआप कापला जातो. मी आठ वर्षांची असताना बाबांनीच शिकवलेलं. ज्याने शिकवलं त्यानेच वाकडं कापावं!

आई — "बापलेकीचं काय बिनसलंय? कधीची हं-हूं चाललीय." म्हटलं, कामात आहे. "बापही तस्साच," म्हणाली आणि गेली.

१५ मार्च, शनिवार

बॉनेट बंद होईना! एअर फिल्टर वर टेकतोय. सगळं मोजलं होतं मी, फक्त फिल्टर मोजला नाही. वा गं हुशार! दुपारभर बसून पसरट फिल्टर बसवले.

मग चावी फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात सुरू! काय आवाज! आईसुद्धा ओल्या हातांनी बाहेर आली.

दोन कार्बोरेटर म्हणजे दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. ह्याचा सूऽऽ ऐकायचा, त्याचा सूऽऽ ऐकायचा. मला सारखे वाटले. बाबा भिंत धरत आले. "दे इकडे नळी." ऐकलं. "मागचा जास्त ओढतोय. पाव आटा." त्याचा स्क्रू पाव आटा फिरवला. इंजिन एकदम शांत झालं, जणू मांडीवरचं मूल झोपलं.

राग होता तरी हसू आलं मेलं.

१६ मार्च, रविवार

चढली!! तिसऱ्यात! टाकीपर्यंत! न खोकता!

बाबा शेजारी, आई मागे. अर्ध्या चढावर पूर्वी जिथे दम तुटायचा तिथे माझा हात आपोआप गिअरवर गेला. बाबांनी त्यावर हात ठेवला. "राहू दे. जातेय ती." आणि गेली की! वर जाऊन प्लग काढून बघितले. चारही सारखे, बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे चारही सिलिंडर नीट जळतायत. तिसरासुद्धा. निवल्यावर चारही बाबांच्या हातात दिले. दिसत नसताना बराच वेळ धरून बसले.

"बरं झालंय काम."

या माणसाने आजवर कशाला बरं म्हटलेलं नाही, आईच्या स्वयंपाकालाही नाही. आई मागून म्हणाली, "मी ऐकलं हं, मी साक्षीदार!" मी एवढी खूश कधी होते आठवत नाही. उद्या मात्र ते पॅकिंग समोर ठेवणार. माफी मागायला लावणार.

१७ मार्च

ठेवलं. बाबांनी बोटांनी चाचपलं, तिसऱ्या भोकाशी थांबले. "पत्रिका. वाकडी कापली गेलीय ते पुढल्याच वर्षी कळलं होतं मला."

कळलं होतं! मी ओरडलेच. "मग बदललं का नाहीत? मला का बोलला नाहीत?"

"खोकायची म्हणून तू बॉनेट उघडायचीस. उघडलंस की दोन दिवस जास्त राहायचीस." पॅकिंग माझ्या हातात परत दिलं. "आता दोन गल्ल्यांवर आहेस. आता कशाला हवा खोकला?"